मेंदूच्या रंगीत चित्राखाली 'कशाच्या तुलनेत' तेवढं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही डोक्याचं एक गोल रंगीत चित्र छापलंत, वरून बघितल्यासारखं, पुढे नाकाचं छोटं टोक, बाजूला दोन कान, मागच्या बाजूला लालभडक, कडेने पिवळं-हिरवं आणि बरोब्बर मधोमध एक गडद निळा ठिपका. खाली ओळ होती की डोळे मिटून ध्यान करताना मेंदूचा मधला भाग असा शांत होतो. माझ्या मुलीने तो लेख मला व्हॉट्सॲपवर पाठवला, "आई, तुझ्या कामाचं आलंय" म्हणून, आणि मी दुपारचा डबा खाता खाता उघडला तर घास हातातच राहिला. कारण तो निळा ठिपका शांत-बिंत काही नसावा, माझा अंदाज असा की तिथे रेफरन्सचा लीड लावलेला होता (लीड म्हणजे डोक्याला चिकटवायची वायर, रेफरन्स म्हणजे काय ते पुढे सांगते), आणि रेफरन्स जिथे असतो तिथे चित्रात शून्य येतं, यायलाच लागतं, माणूस ध्यानाला बसलेला असो नाहीतर भाजीवाल्याशी भांडत असो.

मी गेली २२ वर्षं ईईजी टेक्निशियन आहे, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूची वीज नोंदवायचं काम. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही, बीएस्सी फिजिक्स करून या लाईनला आले आणि इथेच राहिले. रोज पाच-सहा डोकी हाताखालून जातात. टेपने नाकाच्या मुळापासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, समजा ३६ सेंटीमीटर आलं तर त्याचे दहा टक्के म्हणजे ३.६ वर पहिली खूण, मग वीस-वीस टक्क्यांनी पुढे, १८ सेंटीमीटरवर डोक्याचा मध्य, त्याला आम्ही सी-झेड म्हणतो. असे १९ लीड डोक्यावर आणि दोन कानांना. ही पद्धत १९५८ मध्ये जॅस्पर यांनी लिहून ठेवली आणि जगभर अजून तीच चालते. मग केस बाजूला करून त्या जागी घासायचं, पेस्ट लावायची, लीड बसवायचा, वर कापसाचा बोळा. पेशंटला आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं असतं की डोकं धुऊन या, तेल लावू नका, तरी दहातले तीन जण तेल चोपडून येतात कारण आजीने सांगितलेलं असतं की डोक्याची तपासणी आहे, तेल घालून जा, थंड राहतं. असो.

सांगायचा मुद्दा असा की त्या लीडमधून येतं ते व्होल्टेज, आणि व्होल्टेज म्हणजे फरक. टॉर्चच्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं तो त्याच्या दोन टोकांमधला फरक समजा, एकाच टोकाला किती व्होल्ट असं कुणी विचारलं तर त्याला उत्तरच नाही. डोक्यावर मिळतं ते साधारण ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे त्या सेलचा तीस हजारावा हिस्सा, पण नियम तोच. एक टोक जिथे बघायचंय तिथे, दुसरं टोक कुठेतरी लावायलाच लागतं, कानाला, नाकाला, डोक्याच्या मध्यावर, किंवा सगळ्या लीडची सरासरी काढून तिलाच दुसरं टोक मानायचं. त्या दुसऱ्या टोकाला रेफरन्स म्हणतात. कळसूबाई १६४६ मीटर उंच म्हणतो ते समुद्रापासून. पायथ्याच्या बारी गावातून मोजली तर आकडा वेगळा येणार. आणि उद्या कुणी शिखरावरच बसून तिथून सगळं मोजायला लागला तर कळसूबाईची उंची शून्य, आणि बाकी सगळा महाराष्ट्र खड्ड्यात! तुमच्या चित्रात बहुतेक हेच झालंय. मागचा लाल भाग मात्र खरा असू शकतो, डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला आठ ते तेरा वेळा हेलकावणारी अल्फा लय येते, जर्मनीत येना इथल्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये ते छापलं तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत आहे. ती ध्यान करणाऱ्यालाच येते असं काही नाही, आमच्याकडे कंटाळून डोळे मिटून पडलेल्या पेशंटलाही छान येते.

मी हे सगळं ठणकावून लिहितेय पण मलाही हे एकदा तोंडावर पडूनच कळलं होतं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, मध्येच टक लावून बघत राहायची, तोंडाने चावल्यासारखं करायची, मग काही आठवायचं नाही. मी रेकॉर्डिंग घेतलं, डावा कान रेफरन्स धरून, आणि बघते तर काय, दर काही सेकंदांनी सगळ्या डोक्यावर एकाच वेळी स्पाइक, म्हणजे टोकदार उसळ्या, उजवीकडे पण, मागे पण, पुढे पण, आणि सगळे खाली तोंड केलेले. (ईईजीत निगेटिव्ह वर काढतात आणि पॉझिटिव्ह खाली, हे आमच्या क्षेत्रातलं जुनं खूळ आहे, नवीन मुलांना समजावताना नाकी नऊ येतात.) फक्त एका जागी, डाव्या कानाच्या वर, जिथे आम्ही टी-थ्री म्हणतो, तिथे एवढासा वर गेलेला. मी घाईघाईने सरांना सांगितलं, सर, सगळ्या डोक्यात फिट आहे. सर आले, खुर्ची ओढून बसले, अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा कान बोलतोय."

म्हणजे झालं काय होतं ते आकड्यात सांगते, आकडे सोपे करून घेतलेत. समजा स्पाइकच्या क्षणी टी-थ्रीला खरं उणे ६०, त्याच्या पुढच्या लीडला उणे ३०, मागच्याला उणे २०, वरच्याला उणे १०, आणि लांब उजवीकडे शून्य. पण डावा कान टी-थ्रीच्या अगदी खालीच, त्यामुळे कानावरही उणे ४० पोचलेले. मशीन प्रत्येक लीडमधून कान वजा करतं. शून्यातून उणे ४० वजा केले की अधिक ४०, म्हणजे जिथे काहीच नाही तिथे मोठा स्पाइक उलटा दिसतो. आणि टी-थ्रीला, जिथे खरा प्रकार चाललाय तिथे, उणे ६० मधून उणे ४० वजा, उरले उणे २०, म्हणजे लांबच्या रिकाम्या जागेच्या निम्माच. चोर सोडून अख्खं गाव कोठडीत.

आता सरांनी पुढे जे करून दाखवलं ते मला आजपर्यंत विसरता आलेलं नाही. त्यांनी पॅडवर पेनने तेच आकडे मांडले आणि म्हणाले, कान विसर, टी-थ्रीला फक्त त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून बघ. खऱ्या आकड्यांत शेजारी उणे ३०, उणे २०, उणे १०, सरासरी उणे २०. टी-थ्री उणे ६०. फरक उणे ४०. आता कानाने बिघडवलेले आकडे घे, टी-थ्री उणे २०, शेजारी अधिक १०, अधिक २०, अधिक ३०, सरासरी अधिक २०. फरक? परत उणे ४०. मी दोनदा करून बघितलं. रेफरन्स कुठलाही घ्या, तो सगळ्यांत सारखाच मिसळलेला असतो, शेजाऱ्यांची सरासरी वजा केली की तो आपला आपण निघून जातो. कळसूबाई समुद्रापासून मोजा नाहीतर बारीपासून, शेजारच्या डोंगरांपेक्षा ती किती वर आहे ते बदलत नाही.

ही शेजाऱ्यांची वजाबाकी स्वीडनच्या बो योर्ट यांनी १९७५ मध्ये मांडली (आम्ही सगळे हजोर्थ म्हणतो, स्पेलिंगच तसं आहे), रेकॉर्डिंग चालू असतानाच करता येईल अशी, मधला लीड आणि त्याचे चार बाजूचे चार शेजारी. गणितवाले याला लाप्लासियन म्हणतात, त्या फ्रेंच लाप्लासच्या नावावरून. आजच्या बऱ्याच डिजिटल ईईजी मशीनमध्ये ते बटन असतं, मोंटाजच्या, म्हणजे कुठल्या लीडमधून काय वजा करायचं त्या मांडण्यांच्या, यादीत शेवटी कुठेतरी, आणि खरं सांगते, फारसं कोणी दाबत नाही.

पण यात नुसती वजाबाकी नाहीये, तिला अर्थ आहे आणि तोच मला तुमच्या वाचकांना सांगायचाय. माझं माहेर संगमेश्वरकडचं. तिकडे जुलैच्या पावसात घरातल्या जमिनीला उपळ फुटते, म्हणजे खालून पाणी झिरपून वर येतं. सकाळी उठून बघावं तर अख्खी पडवी ओली. आता पाणी येतंय कुठून? ओल तर सगळीकडे आहे. माझी आजी चुलीतली राख घ्यायची आणि ओल्यावर पातळ भुरभुरायची, आणि राख कुठून कुठे सरकते ते बघत बसायची. एखाद्या जागेपासून राख चारी बाजूंनी लांब जायला लागली की ती म्हणायची, इथे आहे बघ. कारण पाणी जर तिथून सगळ्या बाजूंना जातंय आणि वरून काही पडत नाहीये, तर ते खालून येतंय, दुसरीकडून येणार कुठून. आणि एखाद्या जागी राख चारी बाजूंनी येऊन गोळा होत असेल तर तिथे पाणी परत खाली मुरतंय.

डोक्याची कातडी म्हणजे ती पडवी. वर हवा, हवेत वीज जात नाही. कातडीत स्वतःची वीज म्हणावी तर कपाळाचे आणि जबड्याचे स्नायू सोडले तर फारशी नाही. मग कातडीच्या आतल्या आत एखाद्या ठिकाणाहून करंट चारी बाजूंना पसरत असेल तर तो तिथे खालून, कवटीतून वर आलेला असणार, आणि जिथे चारी बाजूंनी गोळा होत असेल तिथे कवटीतून परत आत जात असणार. व्होल्टेज म्हणजे ओलीची पातळी, त्याचा उतार म्हणजे करंट कुठे वाहतोय ते, आणि उतार चारी बाजूंना कसा बदलतोय हे बघितलं की कळतं करंट कुठे वर येतो आणि कुठे आत जातो. शेजाऱ्यांची सरासरी वजा करणं म्हणजे हेच, आजीची राख. त्या मुलीच्या टी-थ्रीला उणे ४० आलं म्हणजे तिथे करंट आत शिरत होता. पुस्तकात याला स्काल्प करंट डेन्सिटी म्हणतात, काही जण करंट सोर्स डेन्सिटी म्हणतात, मी पोरांना शिकवताना उपळच म्हणते.

आणि हे का लागतं, तर कवटीमुळे. कवटीचं हाड वीज सहज जाऊ देत नाही, कातडी त्या मानाने खूपच जाऊ देते, त्यामुळे मेंदूतून निघालेलं काहीही वर येईपर्यंत पसरट होतं, ओल्या भिंतीवरच्या डागासारखं. त्यात मुळात अगदी बारीक काही दिसतच नाही, साधारण दहा रुपयाच्या नाण्याएवढा मेंदूचा पृष्ठभाग एका तालात चालला तरच बाहेर जाणवण्यासारखं काही येतं. पसरलेल्या डागात दोन वेगळे झरे एकच दिसतात. उदाहरण म्हणजे हाताच्या हालचालीशी जोडलेली म्यू नावाची लय, ती सी-थ्री आणि सी-फोर या डोक्याच्या मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या लीडच्या आसपास असते, तिचा वेग अल्फाएवढाच, त्यामुळे मागची अल्फा पसरून तिच्या अंगावर येते आणि कानाच्या रेफरन्सने बघितलं तर म्यू अल्फात बुडून जाते. शेजारी वजा केले की मागून पसरत आलेला भाग बराचसा गळतो आणि म्यू वर निघते. विचाराने कॉम्प्युटरचा कर्सर हलवायचे जे प्रयोग चालतात त्यात हे फार उपयोगी पडलं. अमेरिकेत ऑल्बनीच्या मॅकफार्लंड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये चार पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, कानाचा रेफरन्स, सगळ्यांची सरासरी, ३ सेंटीमीटरवरच्या जवळच्या शेजाऱ्यांची वजाबाकी आणि ६ सेंटीमीटरवरच्या लांबच्या शेजाऱ्यांची. सरासरी आणि लांबचे शेजारी या दोन चांगल्या ठरल्या, कान आणि अगदी जवळचे शेजारी मागे पडले. मला हे वाचून गंमत वाटली होती कारण मला वाटायचं जितकं जवळून बघू तितकं स्पष्ट. पण खूप जवळचा शेजारी आपल्यासारखाच बोलतो ना, त्याला वजा केला की आपलंही निम्मं म्हणणं जातं.

चार शेजाऱ्यांच्या पद्धतीत एक अडचण आहे. कडेच्या लीडला एका बाजूला शेजारीच नाही. कपाळ, कानाच्या वर, मानेच्या वर, सगळे कडेचे. आमच्या त्या मुलीचा टी-थ्रीसुद्धा कडेचाच, सरांनी तीन शेजाऱ्यांवर भागवलं होतं. त्यावर फ्रान्समधल्या लिऑनच्या पेरँ आणि मंडळींनी १९८९ मध्ये जास्त चांगला मार्ग काढला, डोकं एक चेंडू समजायचं, सगळ्या लीडच्या आकड्यांवरून त्या चेंडूवर एक गुळगुळीत चादर ताणायची, आणि मग कुठेही त्या चादरीची वक्रता काढायची. कडेला तरी अंदाज थोडा डळमळीतच राहतो, पण एकूण सुधारतं. आज जगभर बहुतेक जण याच पद्धतीने करतात, न्यूयॉर्कच्या कायझर आणि टेंके यांनी २००६ च्या सुमाराला त्याचा प्रोग्रॅमही फुकट देऊन टाकला. आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल संपादक महोदय, पेरँ यांच्या १९८९ च्या पेपरातल्या सूत्रांत चुका राहिल्या होत्या, १९९० मध्ये त्यांनी त्याच मासिकात शुद्धिपत्र छापलं. म्हणजे अशी पद्धत आहे बरं का.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत घरी आला होता तेव्हा मी त्याला बसवलं, नेटवर फुकट मिळणारं ६४ लीडचं डोळे मिटलेलं रेकॉर्डिंग घेतलं आणि एमएनई-पायथन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चित्रं काढायला लावली. सी-झेड रेफरन्स धरला, मधोमध निळा खड्डा, हुबेहूब तुमचं चित्र! मग सगळ्यांची सरासरी धरली, खड्डा गायब, वेगळंच चित्र. मग पेरँच्या पद्धतीने करंटचा अंदाज काढला, एकदा सी-झेडवाल्या आकड्यांवरून, एकदा सरासरीवाल्यावरून, आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली तर तीच. भाचा म्हणाला, मावशी, मग लोक हेच का नाही वापरत. मी म्हटलं, फराळाचं खा, सांगते.

कारण याच्याही खोडी आहेत. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. प्रत्येकाच्या कातडीतून वीज किती सहज जाते, कातडी किती जाड आहे, हे आपल्याला मोजलेलं नसतं, म्हणून उत्तर अँपिअरमध्ये न देता मायक्रोव्होल्ट दर चौरस सेंटीमीटर असं अर्धवट ठेवतात. डोकं चेंडूसारखं गोल नसतं हे आमच्याइतकं कुणाला माहीत, लीडची टोपी बसवताना कळतं. आणि १९ लीडमध्ये दोन शेजाऱ्यांत सहा-सात सेंटीमीटरचं अंतर पडतं, एवढ्या लांबच्या शेजाऱ्यांवरून वक्रता काढायची म्हणजे मधलं सगळं मनाने भरायचं, हे काम खरं ६४ किंवा त्याहून जास्त लीडचं. वजाबाकीत सिग्नल लहान होतो आणि गोंगाट मोठा, एक लीड नीट चिकटलेला नसला तर तो एकटा तर बिघडतोच, शेजारच्या चौघांची पण वाट लावतो.

सगळ्यात वाईट म्हणजे जेलचा पूल. मे महिन्यात, लाईट गेलेली, पंखा बंद, पेशंटला घाम, आणि जेल जरा सढळ हाताने घातलेलं असलं की दोन शेजारच्या लीडमधलं जेल पसरून एकमेकांना मिळतं. मग ते दोन लीड म्हणजे एकच लीड, दोन्हीचे आकडे तंतोतंत सारखे. साध्या ट्रेसिंगमध्ये हे पटकन दिसत नाही, उलट दोन लाईनी एकसारख्या छान दिसतात, नवीन मुलं खूश होतात. पण करंटचा अंदाज काढायला गेलं की त्या दोघांमध्ये उतारच नाही, आणि सगळं चित्र त्या जागी खोटं पडतं. एका कॅम्पला मी स्वतः हे करून ठेवलंय, ३२ लीडची टोपी, ३० पेशंटची रांग, मागून कुणीतरी "ताई आवरा" म्हणतंय. नंतर घरी बसून बघितलं तेव्हा तीन जणांचं रेकॉर्डिंग मी स्वतःच बाद केलं. जेल कमी घाला आणि सिरिंजची सुई आडवी फिरवू नका, हे मी आता नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

शिवाय सगळ्या कामाला ही पद्धत नाही. लहान मुलांच्या एका वेगळ्या प्रकारच्या टक लावून बघण्याच्या झटक्यात सेकंदाला तीनच्या तालात मोठमोठ्या लाटा सगळ्या डोक्यावर एकदम येतात. त्या इतक्या पसरट असतात की शेजारी वजा केला की बरंचसं उडूनच जातं. तिथे साधा रेफरन्सच बरा. मेंदूत खोल असलेलं काही असेल तर तेही वर येईस्तोवर पसरट झालेलं असतं, ही पद्धत त्यालाही दाबते. एका अर्थाने हाच तिचा प्रामाणिकपणा, ती मेंदूच्या आत शिरल्याचा आव आणत नाही, कवटीतून करंट कुठे वर येतो आणि कुठे आत जातो एवढंच सांगते. बाहेरून मोजून आतलं नक्की ठिकाण एकच एक ठरवता येत नाही, वेगवेगळ्या मांडणीतून बाहेर तंतोतंत तेच आकडे येऊ शकतात, हे हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवून ठेवलंय, ईईजी यायच्या कितीतरी आधी.

मग एवढं सगळं मी पेपरला का लिहितेय, आपापसात बोलून सोडून का नाही दिलं? तर गेल्या महिन्यात एक आई आली, आठ वर्षांचा मुलगा, हातात स्पायरल बाइंडिंगची वीस पानी रंगीत फाईल. कुठल्याशा ब्रेन मॅपिंग शिबिरात काढलेली, पैसे बरेच घेतलेले. त्यात प्रत्येक पानावर गोल डोकी, आणि एका पानावर कपाळाचा भाग लालभडक, खाली लिहिलेलं की पुढच्या भागात संथ लहरी जास्त, एकाग्रता कमी, तीन महिन्यांचा कोर्स घ्यावा. मी तिला म्हटलं, कच्चं ट्रेसिंग आहे का, रंग भरायच्या आधीचं. नशिबाने पेनड्राइव्हवर होतं. उघडलं तर काय, पोरगं सारखं पापण्या मिटत होतं. डोळ्याचा गोळा म्हणजे स्वतःच एक बारकी बॅटरी असते, पुढची बाजू पॉझिटिव्ह, पापणी मिटली की कपाळाच्या दोन लीडवर शंभरावर मायक्रोव्होल्टची मोठी लाट येते, मेंदूच्या लहरीपेक्षा मोठी. ती संथ लहर म्हणून मोजली गेली आणि पोराचं कपाळ लाल झालं. आठ वर्षांचं पोर अनोळखी खोलीत टोपी घालून बसवल्यावर पापण्या नाही मिटणार तर काय करणार. (करंटचा अंदाज काढला असता तरी पापण्या गेल्या नसत्या, हेही सांगून ठेवते, फार तर त्यांचा पसारा कपाळापुरता राहिला असता. त्यासाठी मुळात ट्रेसिंग डोळ्यांनी बघायला लागतं.) रेफरन्स कुठला होता ते वीस पानांत कुठेच नव्हतं. ती आई रडायला लागली, मला म्हणाली, म्हणजे त्याला काही नाही ना? मी टेक्निशियन, मला असं काही सांगायचा अधिकार नाही, मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. पण ती फाईल बघून मी दोन दिवस अस्वस्थ होते.

आणि हे कोर्टापर्यंत गेलेलं आहे, आपल्याच राज्यात. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपी स्त्रीच्या मेंदूलहरींच्या चाचणीचा शिक्षा देताना आधार घेतला, तेव्हा जगभरच्या पेपरांत ते छापून आलं होतं. आरोपीने बोलायचं नाही, समोर वाक्यं वाचली जातात आणि डोक्यावरच्या लीडवरून ठरवायचं की तिला ते अनुभवातून आठवतंय की नाही. पुढे ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत. कायद्याचं मला कळत नाही. मला एवढंच कळतं की मी रोज ज्या वायरी लावते त्यांतून, अगदी ६४ लीड लावून, घाम नाही, जेलचा पूल नाही, करंटचा अंदाजही नीट काढला, तरी कळतं ते कुठे करंट वर आला आणि कुठे आत गेला, कितव्या मिलिसेकंदाला. त्यावरून आठवण खरी की खोटी इथपर्यंत कसं जायचं ते मला २२ वर्षांत दिसलेलं नाही.

तर माझी विनंती साधी आहे. यापुढे असं चित्र छापलंत तर खाली बारीक अक्षरात तीन गोष्टी छापा, लीड किती, रेफरन्स कुठला, आणि रंग व्होल्टेजचे आहेत की करंटच्या अंदाजाचे. ज्यांनी चित्र दिलं त्यांना हे माहीत असतंच, विचारलं की सांगतात, आणि नाही सांगितलं तर चित्र छापूच नका, लेख तसाही वाचला जातो. ब्रेन मॅपिंगच्या जाहिराती घेता तेव्हाही हेच विचारा, पैसे देणारे आईबाप तुमचाच पेपर वाचून जातात. आणि ध्यानाबद्दल माझी काही तक्रार नाही, मी स्वतः सकाळी १५ मिनिटं बसते, सी-झेडचं काय होतं माहीत नाही पण दिवस बरा जातो.

आपली,
एक ईईजी टेक्निशियन, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती.)

ता. क. त्या चित्रात नाक वर आहे आणि तरी सी-थ्री उजवीकडे, सी-फोर डावीकडे छापलंय. विषम आकडे डावीकडे असतात. पान लावताना कुणीतरी चित्र उलटं केलेलं दिसतंय, त्याचंही शुद्धिपत्र येऊ द्या.